पेट्रोलचा काटा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकतो. घरात माहीत आहे, गल्लीत माहीत आहे, दुकानात येणाऱ्या ट्रक ड्रायव्हरांनाही माहीत आहे. जावई हा दहावा ग्रह म्हणतात, ते माझ्याकडे बघूनच म्हणत असावेत. मी बरीच वर्षं हे हसण्यावारी नेलं. आता नेता येत नाही.

नगरजवळ केडगावात पुणे रस्त्याला माझं मीटर दुरुस्तीचं दुकान आहे. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, कशाच्याही डॅशबोर्डवरचा काटा पडला की गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. काटा का पडला हे मला पाच मिनिटांत कळतं. वायर तुटलेली असते, अर्थिंग सुटलेलं असतं, नाहीतर टाकीतला तरंगता फ्लोट अडकलेला असतो. माणसांचं असं पाच मिनिटांत काही कळत नाही आणि कळून घ्यायची मला कधी गरजही वाटली नाही.

माझे सासरे राहुरीच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्याच्या काठावर राहतात. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणायची पद्धत, म्हणून मीही मामाच म्हणतो. तरुणपणी मामा वल्ह्याची नाव चालवायचे. मग धरणाकाठी एकानं हॉटेल आणि बाग काढली, कोकणातून एक जुनी मोटरबोट ट्रेलरवर घालून आणली आणि मामांना त्या बोटीवर ठेवलं. पंधरा वर्षं त्यांनी ती चालवली. रविवारी फिरायला येणारी माणसं, पलीकडच्या वस्तीवरची बाळंतीण, लग्नाचं वऱ्हाड, सगळं त्या बोटीतून गेलं. एवढ्या वर्षांत कुणाच्या चपलेला पाणी लागलं नाही, हे मामा स्वतः कधी म्हणायचे नाहीत, पण काठावरची माणसं म्हणायची. मामांच्या गाठीला तेवढंच होतं. जमीन पाण्यात गेली होती आणि सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मामांनी घरभरणीचं बोलावणं फोनवर केलं. स्वतः आले नाहीत, कारण हंगाम होता आणि बोट सोडता येत नव्हती. मला ते लागलं. जावयाला आवतण द्यायला माणूस घरी येतो, फोन करत नाही. मी गेलो नाही आणि बायकोलाही पाठवलं नाही. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी तिला वर्षभर माहेरी पाठवलं नाही. पंचमीला मामा तिला न्यायला आले, तेव्हा मी एका ट्रकच्या डॅशबोर्डखाली आडवा पडलो होतो. तिथूनच म्हणालो, "बघू." ते दुकानाच्या पायरीवर तासभर बसले आणि रिकाम्या हातानं परत गेले. दिवाळीला पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. बायको तेव्हा एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, तिला माझं पटलंय.

पुढे ते मिटलं. म्हणजे मी मिटवलं, मनात आलं तेव्हा.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोटीच्या डॅशबोर्डवरचे मीटर पार गेले होते. काचांच्या आत बुरशी धरली होती, स्पीडचा काटा शून्यावर मेलेला, इंजिनच्या गरमीचा काटा कायम लालात. एकटा पेट्रोलचा काटा तेवढा हलायचा. मालकाला सगळे मीटर नवे हवे होते, आतून पांढरा उजेड पडणारे. मामांनी माझं नाव सांगितलं. मी खूश झालो. जन्मभर ट्रकचे मीटर उघडून कंटाळा आला होता, आणि बोटीचं काम अख्ख्या नगरमध्ये कुणी केलेलं नव्हतं.

पहिल्या दिवशी मामांनी मला बोटीतून एक फेरी मारून आणली. सकाळची वेळ, पाणी तव्यासारखं सपाट. मी डॅशबोर्डकडे बघत होतो. पेट्रोलचा काटा तळाला टेकलेला.

"मामा, पेट्रोल संपलंय की."

"न्हाई हो पाव्हनं, टाकी काठोकाठ हाय. ह्यो काटा उलटा चालतो. खाली आसला की भरल्याली, वर चढला की परतायचं."

मी मोठ्यानं हसलो. "सगळं जग काटा पडला की परततं, तुम्ही काटा चढला की परतता."

तेही हसले. "बोट आली तवापासनं आसंच हाय. मी बी तसाच शिकलो. आता ह्योच सुलटा वाटतो."

मी टाकीच्या फ्लोटला मल्टिमीटर लावून बघितला. कारण लगेच सापडलं. फ्लोट एका जातीचा होता आणि मीटर दुसऱ्या जातीचा. एकाचं गणित वरून खाली, दुसऱ्याचं खालून वर. आधी कुणा शहाण्यानं मीटर बदलताना हाताला लागला तो बसवला होता. टाकी बोटीच्या तळात बंदिस्त, काठी घालून बघायचीही सोय नव्हती. म्हणजे पंधरा वर्षं हा माणूस चुकीच्या काट्यावर बरोबर बोट चालवत होता.

मी फ्लोटला जुळणारा मीटर मुंबईहून मागवला. सहा मीटरचा संच आला. जुनी भोकं मोठी होती, म्हणून मी नगरला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून ॲल्युमिनियमची प्लेट कापून घेतली, सगळी वायरिंग नवी ओढली, प्रत्येक वायरीवर चिठ्ठी लावली. चार दिवस लागले. मामा मला सकाळी भाकरी आणून द्यायचे, मी जेवेपर्यंत वल्ह्याला टेकून उभे राहायचे आणि कामातलं काही विचारायचे नाहीत. काट्याचं आता सुलटं होणार हे मला ठाऊक होतं. शेवटच्या दिवशी बोट ताब्यात देताना मामांना शेजारी बसवून सांगू, असं मी ठरवलं होतं. ठरवलं होतं, हे मी आजही स्वतःला सांगत असतो. त्यानं काही होत नाही.

गुरुवारी मालक आला. नारळ फुटला. चावी फिरवली आणि सहाही मीटर एकदम उजळले. मालक लहान मुलासारखा खूश झाला. "वा मिस्त्री! बोट नवीन केलीस की!"

मिस्त्री म्हटल्याचं मला काही नव्हतं. दिवसातून दहा जण म्हणतात. पण त्यानं वळून मामांना हाक मारली, "ए म्हाताऱ्या, मिस्त्रीला चहा आण." आणि मामा गेले. चहा घेऊन आले, माझ्यासमोर कप धरला आणि काही बोलले नाहीत. मी वाट बघत होतो. एका वाक्याचं काम होतं. मालक, हे आमचे जावई. तेवढं म्हटलं असतं तर मालकाचा सूर बदलला असता. मामांनी मान खाली घातली आणि रिकामा कप घेऊन ते पुन्हा हॉटेलकडे गेले.

माझं डोकं फिरलं. मी त्यांची लेक केलीय आणि हा माणूस मला ओळखसुद्धा दाखवत नाही! मामा कप ठेवून येईपर्यंत मी मालकाला सगळं समजावून टाकलं. हा इंजिनच्या फेऱ्यांचा, हा गरमीचा, हा बॅटरीचा, आणि हा पेट्रोलचा, काटा वर म्हणजे भरलेली, खाली म्हणजे रिकामी.

"ते तर असंच असतं ना?" मालक म्हणाला.

"असंच असतं," मी म्हणालो.

टाकी त्या दिवशी निम्मी होती. काटा बरोबर मध्ये उभा होता, आणि मध्ये उभा राहिलेला काटा सुलटा का उलटा हे कुणाला कळत नाही. मी हत्यारं भरत होतो तेव्हा मामा जवळ आले. "पाव्हनं, मला बी जरा समजून सांगता का?"

मी वर बघितलं नाही. "मालकाला सगळं सांगितलंय. त्यांनाच विचारा."

मामा मालकाला काही विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. ए म्हाताऱ्या म्हणणाऱ्याला कोण काय विचारतं? तरी मी पिशवीची चेन ओढली, गाडीला किक मारली आणि निघालो. राहुरी ओलांडेपर्यंत मला फार बरं वाटत होतं.

शनिवारी मालकाची पोरं मित्रांना घेऊन आली आणि नव्या मीटरच्या कौतुकात दिवसभर बोट पळवली. पेट्रोल कुणी भरलं नाही. रविवारी दुपारी मामा बोटीवर चढले. चावी फिरवली. काटा तळाला टेकलेला. पंधरा वर्षांच्या सवयीनं त्यांनी तो वाचला. पोरांनी टाकी भरून ठेवलीय, असं समजून त्यांनी दोन कुटुंबं बोटीत घेतली, त्यात लहान मुलं, एक म्हातारी, आणि बोट मधल्या पाण्यात नेली.

इंजिन तिथं बंद पडलं. दुपारी त्या पाण्यावर पश्चिमेचा वारा सुटतो आणि लाटा उठतात. बोट आडवी झाली आणि वाऱ्यावर वाहायला लागली. मामांकडे एकच वल्हं होतं. लाईफ जॅकेट सगळ्यांच्या अंगात होती, कारण मामा त्याशिवाय कुणाला चढू द्यायचे नाहीत, पण मुलं रडत होती आणि म्हातारी देवाचा धावा करत होती. दोन तास मामांनी एका वल्ह्यावर बोटीचं तोंड वाऱ्यात धरून ठेवलं. शेवटी पलीकडच्या मासेमारांनी दोर टाकून ओढून आणलं. काठाच्या खडकावर तळ घासला. माणूस एकही भिजला नाही, पण ते कुणी बघितलं नाही. एकानं मोबाईलवर सगळं काढलं होतं. त्यात मामा वल्हं मारता मारता तोल जाऊन एकदा पडतात, तेवढाच तुकडा फिरला. खाली लिहिलं होतं, पिऊन बोट चालवणारा म्हातारा. मामांनी जन्मात थेंब घेतलेला नाही.

सोमवारी मालकाचा मला फोन आला. "मिस्त्री, मीटरमध्ये घोळ आहे का बघून जा."

मी गेलो. काठावर पंचवीसेक माणसं जमली होती. मामा बोटीपासून लांब, बाभळीखाली उभे होते. एका दिवसात त्यांचे खांदे पडले होते. मी त्यांच्याकडे न बघता बोटीत चढलो, चावी फिरवली. काटा तळाला. कॅनमधून पेट्रोल ओतायला लावलं. काटा हळूहळू वर चढला, अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा. सगळे वाकून बघत होते.

"बोला मिस्त्री," मालक म्हणाला.

आता काय बोलायचं ते माझ्या हातात होतं. हा काटा पंधरा वर्षं उलटा होता, मी परवा सुलटा केला आणि चालवणाऱ्याला सांगितलं नाही. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? माझ्या मनात दुकान आलं. बोटीचे मीटर बसवणारा म्हणून नगरभर झालेलं नाव आलं. आणि खरं सांगायचं तर, तो चहाचा कपही आला.

"मीटर बरोबर आहे," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नालायक वाक्य खरं होतं, ही माझी कमाई.

सगळ्यांच्या माना मामांकडे वळल्या. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मालकाला म्हणाले, "व्हय मालक, मीटर बराबर हाय. म्याच बगितलं न्हाई."

मालकानं त्यांना तिथंच काढून टाकलं. शिव्याही दिल्या, सगळ्यांदेखत. मामा खाली मान घालून ऐकत राहिले, मग बाभळीला अडकवलेला आपला टॉवेल काढून खांद्यावर टाकला आणि घराकडे चालू लागले. त्यांना गाडीवर सोडावं असंही मला सुचलं नाही. सुचलं असेल, धीर झाला नाही.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं की मीटर बरोबर निघाला, मामांचंच लक्ष नव्हतं. तिनं लगेच वडिलांना फोन लावला. मी शेजारी बसून ऐकत होतो. "आबा, लहान लेकरं होती बोटीत. एवढा कसला तुमचा डोळा चुकला? माणसानं निघताना पेट्रोल बघू नये का?" पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "काहीच बोलत नाहीत. नुसतं चुकलं बाळा, चुकलं, म्हणतात." आणि रडायला लागली. मी उठून आंघोळीला गेलो.

मामांना त्या पाण्यावर पुन्हा कुणी काम दिलं नाही. एका बागायतदाराच्या कांद्याच्या चाळीवर ते राखणीला बसले. चाळ धरणापासून तीन कोस लांब, तिथून पाणी दिसतही नाही. गावातली पोरं त्यांना बघून वल्हं मारल्याचा हात करायची. मी त्या वर्षात चार-पाच वेळा गेलो, दर वेळी बोलायचं ठरवून गेलो, आणि दर वेळी पावसापाण्याचं बोलून परत आलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, पण इथं तोंड मीच माझं दाबलं होतं, आणि बुक्के दुसराच खात होता.

मग अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून धोंड्याचं जेवण घालायचं, पाय धुवायचे, वाण द्यायचं. या खेपेला मामा आवतण द्यायला स्वतः आले. एसटीनं आले, दुकानाच्या त्याच पायरीवर उभे राहिले. फोन केला नाही. मी ते ओळखलं आणि माझं मलाच कसंतरी झालं.

गेलो आम्ही. बायको पहाटेपासून चुलीपाशी होती, तिनंच पुरण घातलं, तिनंच धोंडे उकडले. मामांनी मला पाटावर बसवलं. पितळेची परात आणली, तांब्या आणला, समोर उकिडवे बसले आणि माझा उजवा पाय परातीत घेतला. मामांच्या तळव्यांना वल्ह्याचे घट्टे अजून होते. पाणी ओतून ते बोटांच्या बेचक्यांमधून अंगठा फिरवत होते, नीट, मन लावून.

मला ते सहन झालं नाही. मी पाय ओढला. "मामा, थांबा. चूक माझी होती."

त्यांनी पाय धरून ठेवला. आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, लेक चुलीपाशीच होती.

"हळू बोला."

"काटा मी सुलटा केला होता. तुम्हाला सांगितलं नाही. राग आला होता म्हणून सांगितलं नाही."

"ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"इंजन बंद पडलं तवाच. काट्याकडं बगितलं आन् कळलं." ते पाणी ओतत राहिले. "मला वाटलं हुतं, मला सवय हाय म्हनून तुमी तसाच उलटा ठिवला आसल. तुमाला ठाव हुतं ना, म्हनून."

मी परातीतल्या पाण्याकडे बघितलं. मग विचारलं, "मालकाला जावई आहेत म्हणून का नाही सांगितलं त्या दिवशी?"

"त्यो मला अरेतुरे करतो. तुमाला माझा मानूस समजला आसता, तर तुमाला बी केलं आसतं."

"मग सोमवारी तरी बोलायचं. एवढी माणसं होती. मी खोटा पडलो असतो तर पडलो असतो."

मामांनी माझा डावा पाय परातीत घेतला. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला झेपला असता.

"तुमी रागीट," ते म्हणाले. "आन् लेक तुमच्या घरी हाय."

मग त्यांनी टॉवेलनं माझे दोन्ही पाय पुसले, बोटांवर कुंकू लावलं आणि वाकून नमस्कार केला. परात उचलून पाणी अंगणात टाकायला गेले. आतून बायको ताट घेऊन आली. गरम धोंडे, त्यावर तुपाची धार. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि दारातच थबकली. तिचे डोळे आधी माझ्याकडे, मग बापाकडे गेले. काही बिनसलंय का, एवढंच ती शोधत होती. लग्नानंतर इतकी वर्षं ती हेच बघत आली असणार, मला ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

मला पाटावरून उठून जावंसं वाटत होतं. पण ताट सरकवलं असतं तर दोघांनाही वाटलं असतं, हा पुन्हा रुसला. म्हणून मी चारही धोंडे खाल्ले, आणि मामांनी वाढलेला पाचवाही खाल्ला.